ब्रीमचा हंगाम कोणी ठरवला?

इंग्लंडमध्ये १४९६ साली छापलेल्या एका पुस्तकात ब्रीम हा मासा मार्चपासून ऑगस्टपर्यंत गळाने धरावा असे सांगितले आहे. सतराव्या शतकात आयझॅक वॉल्टनने त्याच माशासाठी जुलैच्या अखेरीपासून ऑगस्टच्या अखेरीपर्यंत, म्हणजे जेमतेम महिनाभराचा काळ उत्तम ठरवला. १८७८ साली पार्लमेंटने कायदा केला आणि १५ मार्च ते १५ जून या तीन महिन्यांत ब्रीम धरायला बंदी आली. चारशे वर्षांपूर्वीच्या पुस्तकाने सांगितलेल्या हंगामातला जवळपास निम्मा भाग असा कायद्याबाहेर गेला. मासा तोच होता आणि थेम्स, ट्रेंट, विथम या नद्याही त्याच होत्या. इंग्रजीत या माशावर जे काही लिहिले गेले त्यात ‘कोणत्या ऋतूत कसा धरावा’ हा भाग नेहमी ठळक असतो, आणि तो निसर्गाच्या निरीक्षणातून उतरलेला असावा असे वाचणाऱ्याला साहजिकच वाटते. माझे म्हणणे जरा वेगळे आहे. हा सल्ला जितका पाण्याकडे बघून दिला गेला, तितकाच ताटाकडे, सणवारांच्या पंचांगाकडे आणि कायद्याच्या कलमाकडे बघून दिला गेला. आणि प्रत्येक पिढीने आधीच्या पिढीची सोय ही माशाची सवय समजून पाठ केली.

आधी माशाची ओळख नीट झालेली बरी, कारण ‘ब्रीम’ हे नाव आपल्याकडे घोटाळा करते. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावरचा राणी मासा इंग्रजीत ‘थ्रेडफिन ब्रीम’ या नावाने ओळखला जातो, पण तो समुद्रातला आणि कुळानेही निराळा. इथे ज्याची गोष्ट आहे तो गोड्या पाण्यातला, रोहू-कटल्यासारखा कार्पवर्गीय मासा. पाठ उंच, अंग दोन्ही बाजूंनी चपटे, लहानपणी चंदेरी आणि वय वाढेल तसा काशाच्या भांड्यासारखा तपकिरी. अंग इतके बुळबुळीत की धरणाऱ्याचे हात, जाळी, कपडे सगळे चिकट होऊन जाते. तोंड नळीसारखे पुढे काढून तो तळाचा गाळ हुंगतो आणि त्यातल्या लाल अळ्या व किडे शोषून घेतो. राहतो थव्याने. थवा गाळ उकरू लागला की पाणी गढूळ होते, वर बुडबुडे येतात, आणि पहाटेच्या वेळी पाठी पृष्ठभागावर लोळताना दिसतात. विणीचा काळ साधारण मे-जूनचा. पाणी पंधरा अंशांच्या वर तापले की नरांच्या डोक्यावर आणि अंगावर पांढरे खरखरीत दाणे उठतात आणि थवा उथळ, गवताळ काठाशी अंडी घालायला येतो. थंडीत हेच मासे खोल पाण्यात जमून जवळजवळ निश्चल पडतात. एवढे माशाचे स्वतःचे घड्याळ. त्याला तारखा कळत नाहीत, पाण्याची ऊब कळते.

१४९६ चे पुस्तक म्हणजे ‘गळाने मासे धरण्यावरचा प्रबंध’. विंकिन द वर्ड या मुद्रकाने तो वेस्टमिन्स्टरला ‘बुक ऑफ सेंट ऑल्बन्स’च्या दुसऱ्या आवृत्तीत जोडून छापला. ज्युलियाना बर्नर्स नावाच्या एका मठवासी बाईंनी तो लिहिला असे पुढे म्हटले गेले, पण त्याला भक्कम पुरावा नाही. त्यात ब्रीमचा मान मोठा आहे. हा उमदा आणि चविष्ट मासा, मार्चपासून ऑगस्टपर्यंत त्याला तांबड्या गांडुळाने धरावे, त्यानंतर फुलपाखरू, हिरवी माशी, बोरूत सापडणारी अळी आणि मेलेल्या झाडाच्या सालीखालची अळी वापरावी. ‘चविष्ट’ हा शब्द इथे महत्त्वाचा आहे. चौदाव्या शतकाच्या अखेरीस चॉसरने ‘कँटरबरी टेल्स’च्या प्रास्ताविकात जो खाऊपिऊ जमीनदार रंगवला आहे, त्याच्या तळ्यात ब्रीम आणि पाइक भरपूर आहेत, आणि गंमत म्हणजे हा गृहस्थ आपले जेवण ऋतुमानाप्रमाणे बदलतो असेही चॉसर तिथेच सांगतो. मठ आणि वाडे यांच्या आवारात मासे राखायची तळी असत, कारण शुक्रवारी आणि ईस्टरआधीच्या लेंट या उपवासकाळाच्या चाळीस दिवसांत मांस वर्ज्य होते. लेंट येतो फेब्रुवारी ते एप्रिलच्या दरम्यान. म्हणजे प्रबंध जिथून हंगाम सुरू करतो तो मार्च हा स्वयंपाकघरातून माशाला सर्वांत जास्त मागणी येण्याचा महिना. प्रबंधकाराने लेंटसाठी मार्च निवडला असे मी म्हणत नाही; तसे त्याने कुठे लिहिलेले नाही. पण अंडी घालण्याच्या आधीचे आणि ऐन विणीचे सगळे आठवडे हंगामात धरताना त्याला काहीही वावगे वाटले नाही, एवढे मात्र उघड आहे. मासा खायचा आहे, तो मिळतो आहे, मग हंगाम आहे.

वॉल्टन आला तो दीडशे वर्षांनी. लंडनमध्ये कापडाच्या धंद्यात आयुष्य घालवलेल्या या माणसाचे ‘द कम्प्लीट अँगलर’ १६५३ साली निघाले आणि त्याच्या हयातीत पाच वेळा छापले गेले. आवृत्त्या निघत गेल्या तसा तो भर घालत गेला. ब्रीमच्या प्रकरणात त्याने मित्राकडून मिळालेली म्हणून जी पद्धत दिली आहे ती वाचताना एखाद्या जुन्या सुगरणीची पाककृती वाचल्यासारखे वाटते. मोठी तांबडी गांडुळे आधीच गोळा करून शेवाळात तीन-चार आठवडे ठेवायची, म्हणजे ती चिवट आणि तकतकीत होतात. सातूला मोड आणून केलेला जाडाभरडा माल्ट कढईत एकदोन उकळ्या येईपर्यंत शिजवायचा, पिशवीतून गाळायचा. निथळलेले पाणी घोड्याला द्यायचे, कारण ते वाया घालवण्यासारखे नसते. ब्रीम कुठे लोळतात ती जागा आधी हेरायची, दोरीला वजन बांधून खोली मोजायची. रात्री आठ-नऊला जाऊन शिजलेल्या माल्टचे घट्ट दाबलेले गोळे त्या जागी टाकायचे आणि पहाटे तीन-चारला परत यायचे. काठाच्या अगदी जवळ जायचे नाही, कारण थव्याचा एखादा मासा पहारा देत असतो. गळाला काहीच लागत नसेल तर पाइक हा शिकारी मासा जवळपास फिरतो आहे असे समजावे आणि आधी त्याचा बंदोबस्त करावा. तीन-चार दिवस सलग धरले की मासे सावध होतात, मग दोन-तीन दिवस थांबायचे. यातले जवळजवळ सगळे आजही खरे ठरते. रात्रीचा चारा, पहाटेचा थवा, खोलीची मोजदाद, पावलांचा आवाज न करणे या गोष्टी माशाला बघून शिकलेल्या आहेत, यात शंका नाही.

पण हंगाम सांगताना वॉल्टनची नजर माशावरून ताटावर जाते. सेंट जेम्सच्या सणापासून सेंट बार्थोलोम्यूच्या सणापर्यंत ब्रीम धरावा, कारण तोवर उन्हाळाभराचे खाऊन तो सर्वांत लठ्ठ झालेला असतो, हे त्याचे कारण. या दिवसांत मासा सहज लागतो असे तो म्हणत नाही. जूनमध्ये किंवा जुलैच्या सुरुवातीला अंडी घालून झिजलेला मासा खायला बरा नसतो. पुन्हा भरला की मगच त्याच्यामागे लागावे. या माशाची फ्रान्समध्ये केवढी कदर आहे हेही तो आवर्जून सांगतो. इथे पंचांगाचाही एक प्रश्न आहे, जो पुढच्या सल्लागारांनी सोडवायचा राहूनच गेला. हे सण २५ जुलै आणि २४ ऑगस्टचे. मात्र वॉल्टनच्या इंग्लंडमध्ये जुनी ज्युलियन कालगणना चालू होती. १७५२ साली ती बदलली. सतराव्या शतकात दोन्ही कालगणनांत दहा दिवसांचे अंतर होते. तेव्हा वॉल्टनचा महिना आजच्या तारखांत ४ ऑगस्ट ते ३ सप्टेंबर असा येतो, आणि त्याने सांगितलेली विणीची अखेर जुलैच्या मध्याकडे सरकते. प्रबंधाच्या काळात हे अंतर नऊ दिवसांचे होते. तिथीची इंग्रजी तारीख काढताना आपल्याकडे मूलसुद्धा दिनदर्शिका उघडते, पण इंग्रजीत जुन्या सणाची तारीख तशीच्या तशी उचलून ‘जुलैअखेरीपासून’ असे पिढ्यानपिढ्या छापले गेले. वॉल्टनचे शतक थंडही होते. त्यात थेम्स अनेकदा गोठली. पाणी उशिरा तापत असेल तर वीणही उशिरा होणार. त्याचा सल्ला त्याच्या पाण्यापुरता बरोबर असेलही, पण तो महिन्याच्या नावाने सांगितला गेला आणि महिन्याच्या नावानेच वारसा म्हणून पुढे आला.

यावर एक रास्त आक्षेप असा की, या जुन्या पुस्तकांना पुरावा म्हणून किती मानायचे? गळाने मासे धरण्यावरचे इंग्रजी साहित्य म्हणजे उसनवारीची मोठी परंपरा आहे. प्रबंधातली आमिषांची यादी पुढच्या कित्येक पुस्तकांत उतरली. १५७७ चे ‘द आर्ट ऑफ अँगलिंग’ विसाव्या शतकाच्या मध्यात उजेडात आले तेव्हा त्याची एकच प्रत शिल्लक असल्याचे दिसले, आणि वॉल्टनची संवादाची तऱ्हाही त्याची एकट्याची नव्हती हे लक्षात आले. तेव्हा छापलेला महिना म्हणजे नदीकाठचा व्यवहार असे गृहीत धरता येत नाही. हे मला मान्य आहे. किंबहुना माझा मुद्दा त्यावरच उभा आहे: नक्कल होताना सल्ल्याचा निष्कर्ष टिकतो आणि कारण गळून पडते. ‘लठ्ठ असतो म्हणून ऑगस्ट’ यातले ‘लठ्ठ असतो म्हणून’ नाहीसे झाले की उरतो तो नुसता ऑगस्ट, आणि वाचणारा समजतो की ऑगस्टमध्येच मासा लागतो. उलट जिथे लेखक आधीच्या पुस्तकापासून दूर जातो तिथे काही नवे पाहिलेले किंवा ऐकलेले असण्याची शक्यता जास्त. वॉल्टनची माल्टची कृती अशी आहे. आणि जिथे त्याच्याकडे काहीच नाही, ते ठिकाणही बोलके आहे. हिवाळ्यात ब्रीम कसा धरावा यावर तो काही सांगत नाही. थंडीबद्दल त्याच्याकडे आहे ती फक्त निसर्गाभ्यासक गेस्नरकडून घेतलेली एक पोलंडची कथा: तळे तळापर्यंत गोठले, एकही ब्रीम सापडला नाही आणि वसंतात बर्फ वितळल्यावर सगळे पुन्हा हजर. ही कथा खुद्द वॉल्टनलाही पचायला जड गेली होती. हिवाळी ब्रीमची ज्याला ताटात गरज नव्हती, त्याने थंडीत काठावर बसून त्याच्या सवयी शिकण्याचे कारणही नव्हते.

एकोणिसाव्या शतकात गळकऱ्यांचे घड्याळ बदलले, आणि ते शेफील्डच्या कारखान्यांमुळे. सुऱ्या-काट्यांच्या या शहरात कामगारांचे गळक्लब फोफावले. शहराची स्वतःची डॉन नदी कारखान्यांच्या पाण्याने मेली होती, म्हणून मंडळी रेल्वेने लिंकनशायरला जात. लिंकन ते बोस्टन ही १८४८ ची रेल्वे तर विथम नदीच्या काठाकाठानेच टाकलेली होती. स्टेशनवर उतरले की समोर पाणी. विथम, वेलंड आणि फेन्स या सखल दलदली प्रदेशातले रुंद, संथ कालवे हे ब्रीमचे माहेर. शनिवारी अर्धी सुट्टी मिळू लागली, १८७१ साली बँकांच्या सुट्ट्यांचा कायदा झाला, आणि क्लबांच्या स्पर्धांवर पैजा लागू लागल्या. ज्याला रविवारी सकाळच्या गाडीने यायचे आणि संध्याकाळच्या गाडीने परतायचे, त्याला वॉल्टनचे ‘रात्री आठला चारा, पहाटे तीनला गळ’ काय कामाचे? त्याला दुपारच्या उजेडात, शेजारी दहा जण बसलेले असताना, मोजक्या तासांत मासा हवा. दरम्यान रेल्वेने ग्रिम्झबीसारख्या बंदरांतून समुद्राचा मासा स्वस्तात शहरात आणला, कॉड-हॅडक तळून विकणारी दुकाने गल्लोगल्ली निघाली, आणि काट्यांनी भरलेला, चिखलाचा वास येणारा ब्रीम इंग्रजांच्या ताटातून उतरला. खाण्याचा हंगाम अशा रीतीने बाद झाला.

उरले ते जाळेवाले. विणीसाठी काठाला आलेला थवा जाळ्यात अलगद सापडतो, आणि गळवाल्यांना ते बघवत नव्हते. शेफील्डचे लिबरल खासदार ए. जे. मुंडेला यांनी त्यांची बाजू घेतली आणि १८७८ चा गोड्या पाण्यातल्या माशांचा कायदा झाला. लोक त्याला मुंडेलाचा कायदाच म्हणतात. इंग्लंड आणि वेल्समध्ये १५ मार्च ते १५ जून ट्राउट, सॅमन वगळता बाकीचे मासे धरायचे नाहीत, विकायचे नाहीत. इथे कोणी विचारील की विणीच्या काळात मासा राखण्यासाठी केलेल्या कायद्याला माणसाची सोय कसे म्हणता येईल? तारखा तर माशाकडे बघूनच ठरवल्या ना? थोड्या माशाकडे बघून ठरवल्या, हे खरे. पण किती माशांकडे? पाइक फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये अंडी घालतो, म्हणजे बंदी सुरू होईपर्यंत त्याची वीण काही ठिकाणी चालूही झालेली असते. डेसची वीण मार्च-एप्रिलमध्ये. टेंच जून-जुलैपर्यंत थांबतो. ब्रीमची वीण थंड वर्षी जूनच्या उत्तरार्धात जाते. या साऱ्यांना एकच कुंपण घातले गेले, ते कोणाही एका माशाच्या मापाचे नव्हते. शिवाय कायद्यात पळवाटा होत्या: खाजगी पाण्यात मालकाच्या परवानगीने गळ टाकता येत होता, आणि ट्राउट राखणाऱ्या मालकाला आपल्या पाण्यातले इतर मासे मारायची मुभा होती. विणीच्या माशाला मालकी हक्क कळत नाही, तेव्हा ही कलमे माशासाठी लिहिलेली नव्हती हे सांगायला नको. कायदा वाईट होता असे मी म्हणत नाही. सार्वजनिक पाण्यावर अवलंबून असलेल्या कामगार क्लबांना जाळ्यांविरुद्ध हाती घ्यायला तेच एक शस्त्र होते, आणि त्या काळी तशा तडजोडीखेरीज काहीच पास झाले नसते. पण तडजोडीची तारीख ती तडजोडीचीच तारीख राहते.

या तारखेने पुढे सव्वाशे वर्षे ब्रीमचे सगळे लिखाण घडवले. १६ जून हा सण झाला. पंधरा तारखेच्या रात्री बाराच्या ठोक्याला पहिला गळ टाकण्यासाठी लोक तळ्याकाठी दिवे लावून बसू लागले. ब्रीमचा सल्ला याच दिवसापासून सुरू होऊ लागला. जूनमध्ये मासा काठाजवळ आणि खरखरीत अंगाचा, जुलै-ऑगस्टमध्ये भरपूर चारा आणि पहाट, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये खोलीकडे सरकलेला थवा, आणि हिवाळ्यात लहान आमिष, बारीक दोरा, सौम्य वाऱ्याचा दिवस. मार्चच्या मध्यापासून पुढे कोरे पान. त्यातले हिवाळ्याचे प्रकरण ही या कायद्याची खरी देणगी म्हणावी लागेल. वसंत बंद आणि हिवाळा खुला, तेव्हा माणसे थंडीत काठावर बसली आणि वॉल्टनला ठाऊक नसलेले बरेच काही शिकली. एकट्या माशाच्या मागे न जाता खोल जागी निपचित पडलेला थवा शोधायचा, मूठभर चारासुद्धा जास्त होतो, आणि मासा आमिष इतके हलके उचलतो की तरंगत्या खुणेला पत्ता लागत नाही. अशा हलक्या ओढीसाठीच विसाव्या शतकाच्या मध्यात बोस्टनच्या बाजूला काठीच्या टोकाला लोंबकळती दांडी लावायची युक्ती निघाली, जी ‘स्विंगटिप’ या नावाने देशभर पसरली. फेन्सच्या वाऱ्यात, रुंद कालव्याच्या मध्यावर टाकलेल्या आमिषाला ब्रीमने नुसता ओठ लावला तरी ती दांडी उचलली जाई. १९०३ साली गळकऱ्यांचा राष्ट्रीय महासंघ स्थापन झाला आणि १९०६ पासून राष्ट्रीय स्पर्धा सुरू झाली. ब्रीमचा थवा ज्याच्या समोर आला तो जिंकला, अशी स्थिती अनेक पाण्यांवर होती. या लोकांचे ज्ञान खोटे नव्हते. फक्त ते वर्षाच्या तीन-चतुर्थांश भागाचे होते, आणि उरलेल्या चतुर्थांशाबद्दलचे मौन हे ज्ञानच आहे असे समजले जाऊ लागले.

ते तसे नव्हते हे दाखवायला आयर्लंड पुरेसे आहे. मुंडेलाचा कायदा आयरिश समुद्राच्या पलीकडे गेला नाही. आयर्लंडमध्ये अशा माशांसाठी बंदीकाळ नव्हता आणि नाही. तिथल्या शॅनन आणि अर्न या नद्यांतला ब्रीम इंग्लंडमधल्याच जातीचा. १९५१ साली तिथे ‘इनलँड फिशरीज ट्रस्ट’ निघाला, पुढे परदेशी गळकऱ्यांना बोलावण्याचा मोठा उद्योग उभा राहिला, आणि इंग्रज मंडळी मे महिन्यात बोटीने तिकडे जाऊ लागली; ज्या महिन्यात त्यांच्या स्वतःच्या पुस्तकात कोरे पान होते, नेमक्या त्याच महिन्यात. आयर्लंडच्या सल्ल्यात मे-जून हे ब्रीमचे सर्वांत भरघोस महिने. वीण होण्याआधी पाणी तापू लागले की थवे हिंडतात आणि हिवाळाभराची भूक भागवतात. इथे कोणी म्हणेल की आयर्लंडचे हवामान निराळे, तिथला मे इंग्लंडला कसा लावायचा? हवामानात फरक आहे, पण तो आयर्लंडला इंग्लंडच्या पुढे नेणारा नाही. तिथे उन्हाळे अधिक थंड असतात. मेमध्ये शॅननमध्ये ब्रीम लागत असेल तर थेम्समध्ये लागण्याला मासा आड येत नाही, कायदा येतो.

इंग्लंडमध्येच पुढे याची परीक्षा झाली. १९९५ साली बहुतेक तळी आणि सरोवरे बंदीतून मोकळी झाली, २००० साली बहुतेक कालवे. नद्यांवरची बंदी राहिली. २०१९ साली पुन्हा विचार होऊनही ती कायम ठेवली गेली. त्यामुळे १९९५ पासून असे आहे की एका बांधाच्या अलीकडच्या तळ्यात एप्रिलमध्ये ब्रीम धरणे कायदेशीर आणि पलीकडच्या नदीत तोच गुन्हा. तळ्यांवरच्या सल्ल्यात लगेच वसंताचे प्रकरण आले. एप्रिल-मेमध्ये पाणी तापणाऱ्या उथळ भागाजवळ, वारा ज्या काठावर आदळतो तिथे, सुरुवातीला थोडा चारा आणि थवा स्थिर झाल्यावर जास्त, असे ते सांगते. १४९६ च्या प्रबंधातला मार्च पाचशे वर्षांनी असा परत आला, पण कारण बदलून. आता मासा कोणी खात नाही. तो वजन करून, छायाचित्र काढून परत पाण्यात सोडतात. वजन सर्वांत जास्त भरते ते गाभोळीने पोट टम्म असताना, म्हणून मोठ्या ब्रीमच्या मागे लागलेल्यांना वसंत प्रिय. वॉल्टनला चरबी हवी होती म्हणून ऑगस्ट, आजच्याला आकडा हवा म्हणून एप्रिल. गाभोळी तळून खाणाऱ्या आपल्या वाचकाला यातला विनोद समजेल.

हे फक्त इंग्लंडचे दुखणे आहे असेही नाही. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर यांत्रिक नौकांची बंदी १ जून ते ३१ जुलै अशी इंग्रजी तारखांनी बांधलेली आहे, तर कोळ्यांची परंपरा समुद्राला नारळ वाहण्याची पौर्णिमा बघते, जी कधी ऑगस्टच्या सुरुवातीला येते आणि कधी अखेरीस. दोन्हींत फरक असा की पौर्णिमेचा हंगाम हा परंपरा आहे हे सगळ्यांना माहीत असते. इंग्लंडमध्ये कायद्याची तारीख निसर्गाचा नियम होऊन बसली. फ्रान्सिस डे या माणसाचे या दोन्ही देशांशी नाते होते. भारतातल्या मत्स्यव्यवसायाचा तो महानिरीक्षक होता. ‘द फिशेस ऑफ इंडिया’ १८७५ ते १८७८ या काळात पुरे करून, म्हणजे मुंडेलाचा कायदा झाला त्याच सुमारास, तो ब्रिटन-आयर्लंडच्या माशांवरच्या ग्रंथाकडे वळला. माशाचे वर्णन आणि माशाची तारीख या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे त्याच्या पिढीच्या शास्त्रज्ञांना कळत होते. गळाच्या पुस्तकांनी मात्र त्या एकात एक मिसळून टाकल्या.

शेवटचा आक्षेप व्यवहाराचा आहे, आणि तो मला सर्वांत वजनदार वाटतो. सल्ला चुकीच्या कारणाने दिलेला असला तरी उपयोगी असेल तर बिघडले कुठे? ऑगस्टच्या पहाटे ब्रीम लागतोच ना? लागतो. पण कारण माहीत नसलेला सल्ला परिस्थिती बदलली की निरुपयोगी होतो, आणि पाण्याची परिस्थिती बदलत असते. मार्चमधला एखादा उबदार आठवडा, जूनमधली थंडी, वरून सोडलेले धरणाचे पाणी यांपैकी कशालाही महिन्याचे नाव पुरत नाही. आयर्लंडमध्ये शॅनन लॉख री सरोवरात शिरते तिथे लेन्सबरो हे गाव आहे. तिथे पीट जाळून वीज करणारे केंद्र १९५८ पासून चालू होते आणि यंत्रे थंड करून आलेले गरम पाणी ते नदीत सोडत असे. त्या थोड्याशा पट्ट्यात, बाकीची नदी गार असताना, वसंताच्या सुरुवातीलाच ब्रीम आणि टेंच दाटीने जमत, आणि दूरदूरचे गळकरी तिथे जागा धरून बसत. तिथे हंगाम सेंट जेम्सने, पार्लमेंटने किंवा मे महिन्याने ठरवला नव्हता. तो एका नळाच्या तोंडाशी ठरत होता. डिसेंबर २०२० मध्ये ते वीजकेंद्र बंद झाले, आणि त्या पट्ट्यातले पाणी पुन्हा नदीच्याच तापमानाला आले.